परत येणार याचा पुरावा

गेल्या महिन्यात न्हावऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दौंडात सातबारा इंग्रजीत करून देणारा कुणी आहे का?" मला वाटलं, कुणी परदेशी कंपनी जमीन बघायला आली की काय. रांजणगावची एमआयडीसी झाल्यापासून आमच्या शिरूर तालुक्यात असं वाटायला वेळ लागत नाही. "कंपनी नाही गं. पोरीला अमेरिकेला जायचंय. व्हिसाला लागतो म्हणतात."

सातबारा कशाकशाला लागतो हे मला पाठ आहे. सोसायटीच्या कर्जाला, ठिबकच्या अनुदानाला, कुणाला जामीन राहायला. सोयरीक जुळवताना तर न मागता दाखवतात. पण अमेरिकेला?

भाचीनं बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं, मग तळेगावच्या एका पॉलिहाऊसमध्ये दीड वर्ष गुलाब सांभाळले. आता ओहायो राज्यातल्या एका नर्सरीत बारा महिने शिकाऊ म्हणून जायचंय. त्याचा व्हिसा जे-१. आपल्याकडे विद्यार्थ्यांचा एफ-१ माहीत असतो, आयटीवाल्यांचा एच-१बी माहीत असतो. हा फारसा कुणाच्या तोंडी नसतो. १९६१ साली अमेरिकेनं शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा केला, त्यातून हा आला. फुलब्राइटवाले प्राध्यापक यावरच जातात, संशोधक जातात, डॉक्टर जातात, उन्हाळी शिबिरात पोरं सांभाळणारे जातात आणि हॉटेल मॅनेजमेंट केलेली मुलं वर्षभर तिथल्या किचनमध्ये उभी राहतात तीही यावरच. शिकाऊंसाठी अट अशी की पदवी आणि त्या कामाचा अमेरिकेबाहेरचा एक वर्षाचा अनुभव हवा. पदवी नसेल तर अनुभव पाच वर्षांचा.

"येवढं शिकून तिकडं जाऊन रोपंच लावायची?" माझी आई म्हणाली. "मग इथल्या रोपांनी काय घोडं मारलंय?"

भाचीनं आजीला उत्तर दिलं नाही, माझ्यापुढे कागद पसरले. त्यातला एक मला मनापासून आवडला. डीएस-७००२ असं त्याचं रुक्ष नाव. कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, शिकली की नाही हे कसं तपासणार, सगळं आधी लिहून द्यायचं आणि मालकानं, स्पॉन्सर संस्थेनं आणि शिकणाऱ्यानं, तिघांनी सह्या करायच्या. मला बी.एड.च्या पाठ टाचणाची आठवण झाली. आपल्याकडे अप्रेंटिस पोराला पहिले सहा महिने चहा आणायला पाठवतात. त्याचा असा तक्ता कुणी करत नाही.

बाकीचे कागद मात्र नेहमीचे. स्पॉन्सरकडून येणारा डीएस-२०१९, तो नसेल तर पुढचं काहीच नाही. मग डीएस-१६० हा लांबलचक ऑनलाइन अर्ज. त्यात गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती लिहायची असतात, आणि २०२५च्या जूनपासून ती खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. भाचीनं कॉलेजात असताना 'न्हावऱ्याची वाघीण' नावाचं खातं काढलं होतं. पासवर्ड विसरली होती. दोन दिवस घरात वाघिणीची शोधाशोध चालली. फी म्हणाल तर १८५ डॉलर व्हिसाचे आणि २२० डॉलर सेविस नावाच्या नोंदणीचे, म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास. आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त, तो डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना.

एका संध्याकाळी विम्याचं पान निघालं. वहिनीला प्रत्येक कागद मराठीत वाचून दाखवायचा हा घरातला नियम, म्हणून भाची वाचत होती. आजारपणाला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण. गंभीर दुखणं झालं तर मायदेशी हलवायला ५०,०००. पुढची ओळ ती मनातच वाचून थांबली. वहिनी म्हणाली, वाच की. मृतदेह परत पाठवण्यासाठी २५,०००.

वहिनी उठून आत गेली. आई मात्र खाटेवरून म्हणाली, "म्हंजी कसंबी झालं तरी परत येतीयाच."

आणि सगळी गोम तिथेच आहे. अमेरिकेचा कायदा मुळात असं धरून चालतो की व्हिसाच्या खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस तिकडेच राहायला निघाला आहे. नाही, मी परत येणार, हे त्यानं पटवायचं. कलम २१४(ब). अर्ज नाकारताना देतात त्या कागदावर बहुतेक वेळा हाच आकडा असतो. म्हणून मग घर, जमीन, नोकरी, लग्न अशी दावणीची दोरी दाखवायची आणि म्हणायचं, बघा साहेब, मी इथे बांधलेली आहे.

पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे भावानं पैसे भरले होते. त्यांनी फाइल चाळली आणि सल्ला दिला, "मुलीचं स्वतःचं काहीच नाहीये. साखरपुडा झालाय म्हणून सांगा. फोटो लागला तर काढून घेऊ." भाऊ विचारात पडला, कारण एका अर्थी त्याला तेही हवंच होतं. भाचीनं मात्र फाइल उचलली आणि बाहेर आली. तिनं आधीच वाचून ठेवलं होतं की खोटं सांगितल्याचं एकदा नोंदलं गेलं तर अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. आणि मला नंतर म्हणाली, "आत्या, मी परत येणार हे खरं वाटायला एक खोटा नवरा कशाला लागतो?"

सातबारा इंग्रजीत करून देणारे गृहस्थ मला दौंडच्या कोर्टाजवळ सापडले. सातबारा झाला, सोबत फेरफारही करून घ्या म्हणाले, वारसा कळतो. फेरफारात माझं नाव होतं. वडील गेल्यावर वारस म्हणून आई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी पाच नावं लागली, आणि त्याच्या पुढच्याच नोंदीत आम्हा दोघींची नावं कमी झाली. पंचवीस वर्षांपूर्वी शिरूरला जाऊन आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. त्या दिवशी भावानं आम्हाला जेवायला हॉटेलात नेलं होतं आणि दोघींना साड्या घेतल्या होत्या. इंग्रजी भाषांतरात त्या पत्राला 'रिलीज डीड' लिहिलं होतं. मी त्या गृहस्थांना विचारलं, रिलीज म्हणजे सुटका ना? ते म्हणाले, कायद्यात असंच म्हणतात बाई.

म्हणजे एका पानावर आत्याची सुटका झालेली आणि दुसऱ्या पानावर भाची कुठेच नाही, कारण तिचा बाप हयात आहे आणि जमीन त्याच्या नावावर. असा कागद घेऊन पोरीनं सांगायचं की या मातीशी माझं नातं आहे.

न्हावऱ्याहून दौंडला येताना पारगावला भीमा ओलांडली की पुढे केडगाव लागतं आणि पलीकडे चौफुला. या रस्त्यानं माझी उभी हयात ये-जा झाली, पण केडगावच्या पंडिता रमाबाईंना मी व्हिसाच्या खिडकीसमोर कधी उभं करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या केलं.

१८८६च्या फेब्रुवारीत त्या लिव्हरपूलहून 'ब्रिटिश प्रिन्सेस' बोटीत बसल्या आणि मार्चमध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं, ११ मार्चचं. तेव्हा आजच्यासारखा व्हिसा नव्हता, हे आपलं नशीब. असता तर अर्ज असा भरला गेला असता: वय २७, विधवा. आईवडील आणि बहीण दुष्काळानंतर गेलेली. भाऊही गेलेला. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला. पदरी जेमतेम पाच वर्षांची मुलगी. घर नाही, जमीन नाही, पगाराची नोकरी नाही. परजातीत लग्न केलेलं आणि आता ख्रिस्ती झालेली, त्यामुळे मागे राहिलेल्या समाजात तिच्या नावानं बोटं मोडणारेच जास्त. मायदेशाशी बांधून ठेवणारी दोरी? एकही नाही. खिडकीतल्या माणसानं तीन मिनिटांत शिक्का मारून कागद परत केला असता, आणि नियमानं त्याचं काही चुकलंही नसतं.

त्यात बाई थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. तिथे त्या फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, शहरोशहरी भाषणं दिली, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक काढलं. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि त्या लोकांनी त्यांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. आजच्या भाषेत म्हणायचं तर पक्का स्पॉन्सर. इतकं सगळं जमलेलं असताना तिकडेच राहणं किती सोपं होतं! बाई परत आल्या. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तकही छापून आलं.

केडगावची जमीन त्यानंतरची. शाळेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून फळबाग लावायला त्यांनी ती घेतली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणल्या तेव्हा त्याच जमिनीवर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली, आणि १९२२ साली बाई तिथेच वारल्या. जाताना सातबारा नव्हता. परत आल्यावर त्यांनी तो तयार केला.

दुसरं उदाहरण आमच्याच तालुक्यातलं, पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानात पीएच.डी. झाले, परत आले, म्हैसूरच्या संशोधन संस्थेत आणि मग हिंदुस्थान लिव्हरमध्ये राहिले आणि १९८३ साली सगळं सोडून पाबळसारख्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढून बसले. शाळा सोडलेल्या पोरांना हातानं काम करून शिकवायचं, एवढाच उद्योग. पुढे २००२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब त्या पाबळला आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबमधली ती एक. देवाणघेवाण म्हणतात ती अशी दोन्ही बाजूंनी होते. अर्थात कलबागांनीही जाताना 'मी पाबळला जाईन' असं कुठल्या अर्जात लिहिलं नसणार.

याच व्हिसाला एक दोन वर्षांची अट आहे. काही जणांना शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं, त्याशिवाय तिकडचा कायमचा परवाना किंवा एच-१बी मिळत नाही. वहिनीच्या कानावर हे गेलं मात्र, तिनं पहिल्यांदाच या प्रकरणात उत्साह दाखवला. "सक्तीनं घरी पाठवतात? मग कुठं सही करायची ते सांग." तिचा हिरमोड आम्हालाच करावा लागला. ही अट कोणत्या देशांतल्या कोणत्या कौशल्यांना लागते त्याची यादी अमेरिकेनं डिसेंबर २०२४मध्ये बदलली आणि भारत त्यातून निघाला. आता सरकारी पैशावर जाणारे आणि तिथे वैद्यकीय प्रशिक्षण घेणारे डॉक्टर यांनाच ती अट मुख्यतः लागते. नर्सरीवालीला नाही.

मुंबईला मी तिच्याबरोबर गेले. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, चष्मा काढून. रात्री कुर्ल्याला मावसबहिणीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीबाहेर रांग. आत मोबाइल नेता येत नाही, बॅग नेता येत नाही, म्हणून माझ्यासारखे बरेच जण फुटपाथवर दुसऱ्यांचे मोबाइल सांभाळत उभे होते. एक नांदेडचे काका होते, दोन्ही खिशांत दोन फोन आणि हातात सुनेची पर्स. आम्ही एकमेकांना मुलांची नावं सांगितली नाहीत, फक्त व्हिसाचे आकडे सांगितले. "तुमची काय?" "जे-१. तुमची?" "एफ-२."

भाची दोन तासांनी बाहेर आली. त्यातली चार मिनिटं खिडकीसमोरची. साहेबानं विचारलं, जे इथे शिकता येत नाही असं तिथे काय शिकणार? ती म्हणाली, आमच्या भागात डाळिंबावर तेल्या येतो. रोपवाटिकेतूनच रोग घेऊन आलेलं रोप शेतकरी लावतो आणि पुढे बागच्या बाग तोडून टाकतो. रोगमुक्त मातृवृक्ष कसे राखतात, कलमाची हत्यारं कशी निर्जंतुक करतात, रोपाचा माग कसा ठेवतात, हे मला हातानं शिकायचंय. त्यानं 'तेल्या' हा शब्द परत म्हणून बघितला म्हणे. मग विचारलं, खर्च कोण करणार, आल्यावर काय करणार. तिनं सांगितलं. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि डीएस-२०१९ परत दिला.

"आणि फाइल?"

"उघडलीच नाही."

सातबारा, फेरफार, सीएचा दाखला, नोटरीचे शिक्के, सगळं जसंच्या तसं. मला हसूही आलं आणि थोडा रागही. इतक्या वर्षांनी ती नोंद मी पुन्हा वाचली ती कुणीतरी बघणार म्हणून.

पुण्यात उतरून आम्ही दौंड शटल धरली. हडपसरपर्यंत उभ्यानं, लोणीला जागा मिळाली. उरुळी गेल्यावर तिनं फाइल काढली आणि फेरफाराचं पान उलगडलं.

"आत्या, तू सही का केलीस?"

"माहेरी येता यावं म्हणून."

ती काही बोलली नाही. यवत गेलं, खुटबाव गेलं. केडगावला तिचा बाप मोटरसायकल घेऊन उभा होता, न्हावऱ्याला न्यायला. खिडकीतूनच त्यानं हातानं खूण केली, काय झालं? तिनं अंगठा दाखवला आणि सॅक घेऊन उडी मारली. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की फाइल माझ्याच मांडीवर राहिली आहे. मी फोन केला. ती म्हणाली, असू दे तुझ्याकडेच.