यादी नको, पारख हवी

दिवाळी आमच्या घरची नव्हे; पण दिवाळीचा फराळ मात्र आमच्या घरचाच! देवळाली प्रवरेतल्या आमच्या आळीत वसुबारस उलटली की शेजारच्या घरांतून रुमाल झाकलेली ताटे येऊ लागतात, आणि नाताळात तीच ताटे आमच्याकडच्या केकने नि करंज्यांनी भरून परत जातात. रिकामे ताट परत पाठवायचे नाही, हा माझ्या आजीचा दंडक. तो आम्ही आजवर मोडलेला नाही.

यंदा मात्र या ताटावरच आमच्या घरात वाद पेटला. सुट्टीत नात आलेली. करंज्या घेऊन आलेल्या शेजारच्या मुलींनी तिला विचारले, “श्रीरामपूरला सिनेमाला येतेस का?” पोर हरखली. पण त्याच्या आदल्याच रविवारी, उपासना आटोपल्यावर, आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंनी सर्वांना एक छापील कागद वाटला होता. डावीकडे ‘पाहण्यास योग्य’ चित्रपट, उजवीकडे ‘वर्ज्य’. मुलींनी सांगितलेला चित्रपट उजवीकडे. कारण? त्यात आरतीचा प्रसंग आहे! मी कागद दाखवला, तशी नात हातातल्या करंजीकडे पाहत म्हणाली, “आजोबा, त्यांची करंजी चालते, मग त्यांचा सिनेमा का नाही चालत?”

त्या बंधूंविषयी मला आदर आहे. तरुण पिढी बिघडू नये ही त्यांची तळमळ खोटी नाही. पण त्यांची यादी चुकीची आहे, आणि नुसती चुकीचीच नव्हे तर घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला फुकट मिळालेले नाही. अशा यादीपायी मी स्वतः तीनदा फसलो आहे.

पहिली गोष्ट माझ्या लहानपणची. त्या काळी उसाच्या हंगामात आमच्याकडे तंबूतला सिनेमा यायचा. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मध्ये दोरी. आणि यंत्राची धडधड गाण्यापेक्षा मोठी. एकदा प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. मी पागनिसांच्या तुकारामाकडे डोळे लावून बसलो असता अंधारातून एक हात आला आणि त्याने माझा कान धरला. हात वडिलांचा होता. “विठोबाचा सिनेमा पाहतोस?” एवढेच ते म्हणाले. घरी आल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी नेहमीप्रमाणे रेव्हरंड टिळकांचे पद म्हटले.

आता गंमत पाहा. हे नारायण वामन टिळक काही परके नव्हेत. आमच्या तालुक्याच्या गावी, राहुरीला, ते काही काळ राहून गेलेले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तुकोबाला त्यांनी टाकले नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी आमच्या उपासनेत आणले. म्हणजे ज्या पुलावरून टिळक आले त्याच पुलावरून माझ्या वडिलांनी मला कान धरून मागे ओढले, आणि वर टिळकांचेच पद म्हटले! शिवाय १९३६ सालचा तो चित्रपट दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला. शेख फत्तेलाल मुसलमान होते. वारकऱ्याचे चरित्र पडद्यावर आणताना त्यांना धर्म आडवा आला नाही. ते पाहताना आम्हाला मात्र आला.

आणि मुळात या देशातल्या चित्रपटाचा जन्म कशातून झाला? १९११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, नि आपलीही चित्रे पडद्यावर यावीत या ध्यासाने त्यांना पछाडले. त्यातून ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांनी जर ‘हा परधर्माचा सिनेमा’ म्हणून पाठ फिरवली असती तर? त्यांनी आमच्या प्रभूचे चित्र मोकळ्या मनाने पाहिले. आमचे मन त्यांच्याहून लहान असावे काय?

दुसरी गोष्ट अगदी उलट, आणि तीत दोष सर्वस्वी माझा. २००४ साली मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ आला. प्रभूचाच चित्रपट, मग विचार कसला करायचा? पुढे त्याची तबकडी मिळाली तेव्हा मी दहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून तो पाहिला. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसावाचून या चित्रपटाला प्रवेश नव्हता, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी ऐकले नसते. फटक्यांचा तो प्रसंग संपता संपेना. मुलाने माझ्या बाहीत तोंड लपवले, तर मीच वर त्याला म्हणालो, “बघ, आपल्यासाठी सोसलं त्याने.” त्यानंतर कित्येक रात्री पोर दचकून उठत असे. वधस्तंभाची शिकवण द्यायला गेलो आणि वधस्तंभाची धास्ती देऊन बसलो. मोठ्या माणसाला तो चित्रपट खोल भिडू शकतो, हे मी नाकारीत नाही. पण पोस्टरवर कोणाचे नाव आहे एवढेच मी पाहिले; समोर कोण बसले आहे ते पाहिलेच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत लाजिरवाणी. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, “बाबा, चला.” मी विचारले, “फँड्री म्हणजे काय?” ती म्हणाली, “कैकाडी भाषेत डुक्कर.” डुक्कर पकडणाऱ्यांची कथा, तोंडी शिव्या, हे काय घरच्या माणसांनी पाहायचे? मी साफ नकार दिला. ती मैत्रिणींबरोबर गेली. परत आली ती गप्प. जेवताना एवढेच म्हणाली, “तुम्ही आजोबांची गोष्ट सांगता ना, ती होती.”

वर्षभराने मी तो चित्रपट पाहिला. गाव आमच्याच जिल्ह्यातले. जब्या नावाचा शाळकरी पोरगा. गावाने बोलावले की बापाबरोबर डुकरामागे धावणारा. वर्गातल्या मुली बघताहेत, गाव हसते आहे. पकडापकडीच्या ऐन भरात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते नि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. मग मेलेले डुक्कर काठीला बांधून ते निघतात ते शाळेच्या भिंतीवरील आंबेडकरांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांवरून. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पाहणाऱ्याच्या दिशेने. वाचकहो, तो मला लागला. या जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांपैकी कितीतरी घरांची मुळे महारवाड्यात नि मांगवाड्यात आहेत. नाताळच्या नव्या कपड्यांत ते विसरायला होते. माझ्या आजोबांना चहा वेगळ्या कपात मिळे, ही गोष्ट मीच पोरांना सांगत असे. आणि तीच गोष्ट पडद्यावर आली तेव्हा ‘शिव्या आहेत’ म्हणून मी दार लावून घेतले. शुभवर्तमानात कुष्ठरोग्याला हात लावणारा प्रभू रोज वाचणाऱ्या माणसाने हे करावे!

आता कोणी म्हणेल, ‘मग काय, वाटेल ते पाहावे?’ मुळीच नव्हे. यादी सोपी असते म्हणून तर माणसाला ती हवीशी वाटते. पारख कठीण आहे.

हा प्रश्न नवाही नाही. करिंथच्या मंडळीत तो सिनेमाचा नव्हे, मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता. पौलाने त्यांना यादी पाठवली नाही. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, परक्याने जेवायला बोलावले तर जा आणि वाढील ते खा. परंतु तुझ्या खाण्याने कोणा दुर्बळाच्या मनाला ठेच लागत असेल तर थांब, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. म्हणजे पाहायचे ते शेजाऱ्याकडे. मुक्तता शेजाऱ्यासाठी आणि संयमही शेजाऱ्यासाठी. माझ्या नातीने करंजी हातात धरून तेच विचारले होते.

मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ज्या माणसाविषयी हा चित्रपट आहे, तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला असता मला हा असाच पाहता आला असता काय? बाईच्या विटंबनेवर थिएटर हसते तेव्हा माझी मुलगी शेजारी आहे, असे मी समजतो. एखाद्या जमातीला सरसकट राक्षस करून दाखवतात तेव्हा त्या जमातीचा माझा मित्र शेजारी आहे, असे समजतो. या कसोटीवर ‘योग्य’ रकान्यातले कित्येक चित्रपट गळून पडतील, आणि ‘वर्ज्य’ रकान्यातले कित्येक उजळ माथ्याने आत येतील.

ही कसोटी आम्ही स्वतःलाही लावली पाहिजे. २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा मुंबईत ख्रिस्ती मंडळींनी निदर्शने केली. सेन्सॉरने, हे सारे काल्पनिक आहे अशी सूचना घालायला लावून, केवळ प्रौढांसाठी त्याला परवानगी दिली. आम्ही इथेही तावातावाने बोललो. पण त्याआधी कित्येक वर्षे हिंदी पडद्यावर ख्रिस्ती म्हणजे दारू पिणारा, नाहीतर ‘रॉबर्ट’ नावाचा गुंड. ख्रिस्ती मुलगी म्हणजे तोकडा झगा. नऊवारी नेसून अभंग म्हणणारी नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती आजी कोणी दाखवली? त्याबद्दल आम्ही कधी ब्र काढला नाही. उलट टाळ्या पिटल्या. आमची चेष्टा झाली तर अपमान आणि दुसऱ्याची झाली तर करमणूक, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

सेन्सॉरच्या भरवशावरही राहता येत नाही. १९५२ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, आणि सात, तेरा व सोळा वर्षे असे वयाचे टप्पे प्रमाणपत्रात आले. चांगले झाले. पण सरकार फार तर वय सांगेल; तुमचे पोर हळवे आहे की धीट, ते तुम्हीच ओळखायचे. आणि यादी मंदिराच्या भिंतीवर लावून काय साधणार, जिथे पोरगा पांघरुणात शिरून हातातल्या फोनवर जगातले सारे पाहू शकतो? त्या पांघरुणात यादी पोहोचत नाही. पोहोचलीच तर लहानपणापासून लावलेली पारख पोहोचेल.

आणि यादी करायचीच झाली तर ती मोठ्या मनाने करावी. चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, खुद्द व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली. तीत धार्मिक चित्रपट होतेच. पण मानवी मूल्यांच्या विभागात ‘गांधी’ही होता. त्यांनी धर्माचा शिक्का पाहिला नाही, माणूस पाहिला.

त्या ज्येष्ठ बंधूंना मी हे सारे तोंडावर सांगितले आहे. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मास्तर, तुमच्या म्हणण्यात धोका आहे.” मी म्हटले, “आहे. पण तुमच्या म्हणण्यात आळस आहे.” मंडळीच्या सभागृहात एखादा चित्रपट दाखवून कोणाचे मन दुखवावे, असे मी म्हणणार नाही, पौलाची दुसरी अटही मला मान्य आहे. पण घरात, मुलांबरोबर बसून, पाहून झाल्यावर तासभर बोलून निवड करण्याचा हक्क आणि भार बापाचा, आईचा, आजोबाचा आहे. तो छापील कागदावर टाकता येणार नाही.

नात त्या मुलींबरोबर श्रीरामपूरला गेली. मीही गेलो, तिकीट माझे मी काढले. परतताना मुलींनी तिला आरतीचा अर्थ समजावून सांगितला, आणि तिने त्यांना विचारले, “नाताळात आमच्याकडे गायनाला याल?” चित्रपट म्हणाल तर बेताचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडून शेजारी ताट परत गेले. अर्थातच, रिकामे नाही.