मांजराचे केस आणि पिशवीचा प्रश्न

वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, माझ्या धाकट्या बहिणीला झाडू पुरत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, त्यांत तिलाही ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. सोफा आला, गालिचा आला. मांजर तर सोबत होतीच. आता जानमाजवरही केस, आणि तिच्या मुलाला दमा.

दुकानातून तिचा फोन आला, “बाजी, व्हॅक्यूम क्लीनर पिशवीवाला घेऊ की बिनपिशवीचा?”

बिनपिशवीच्याला पिशव्यांचा खर्च नाही, हे खरं. पण दम्याला डिवचतो तो केस नव्हे, तर मांजराच्या लाळेतलं आणि कातडीच्या कोंड्यातलं प्रथिन. ते इतकं बारीक, की तासन्‌तास हवेत तरंगतं. डबा कचऱ्यात झटकला की ओढून घेतलेलं पुन्हा घरात. आत गुंडाळलेले केस बोटांनी सोडवायचे ते वेगळंच. शिवाय धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवता येत नाही. जुलैत वरळीला रुमाल वाळत नाही, फिल्टर कुठला वाळतोय!

म्हटलं, “पिशवीवाला घे, हेपा फिल्टरचा. कापडी पिशवी नको, ती झटकावी लागते. तोंड बंद करून फेकायची घे. तिच्या जोडीच्या पिशव्या इथे मिळतात ना, ते आधी विचार. बदलताना मुलाला दुसऱ्या खोलीत पाठव. आणि मांजरीला त्याच्या गादीवर झोपू देऊ नकोस.”

“बाकी सगळं करीन,” ती म्हणाली, “पण हे त्याला तूच सांग.”