वय नको, वजन विचारा



मुलाच्या तापाचं औषध मागायला आई मेडिकलमध्ये गेली की समोरून एकच प्रश्न येतो, 'वय किती?' हा प्रश्न अपुरा आहे. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तास, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. आमच्या कर्जत-खालापूरच्या कातकरी, ठाकर वाड्यांत वर्षाचं मूल नऊ किलोचं असेलच असं नाही. अंगणवाडीत असताना सात किलोची वर्षाची मुलं मी स्वतः काट्यावर ठेवली आहेत. वय बघून दिलेला डोस त्यांना जास्त होतो. त्यातून मूल अर्धपोटी असेल, तर या औषधाचा विषारी अंश निकामी करायची यकृताची ताकदही कमी पडते.

दुसरा घोटाळा बाटल्यांचा. थेंबांच्या औषधात एका मिलीत १०० मिलीग्रॅम असतात. पातळ औषधाच्या पाच मिलीत कधी १२५, कधी २५०. म्हणजे सात किलोच्या मुलाला एका बाटलीतून एक मिली, दुसरीतून चार, तिसरीतून दोन. माझ्या ओळखीची एक आई थेंबांचं औषध झाकणाने पाजत होती, कारण आधीच्या बाटलीला झाकणच सांगितलं होतं. पाच मिलीचं झाकण म्हणजे ५०० मिलीग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी! तिला अडाणी म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तिने सांगितलं तसंच केलं. बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं शिकलेल्यांनाही लागत नाहीत. सर्दीच्या औषधातही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही औषधं पाजली की डोस दुप्पट, हेही तिला कुणी सांगत नाही.

२०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने गेली, काहींनी नागपुरात प्राण सोडले. तेव्हा भेसळीवर बोललं गेलं, ते योग्यच. पण शुद्ध औषधही चुकीच्या मापाने घातक ठरतं, त्यावर कोण बोलणार?

दर महिन्याचं वजन अंगणवाडीच्या कार्डावर असतंच. त्याच्याशेजारी आशाताईंनी 'कोणती बाटली, किती मिली' एवढं लिहावं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईने ते कार्ड सोबत न्यावं. मेडिकलवाल्यांनी वजन विचारून बाटलीवर मराठीत मिली लिहावेत आणि मापाची सिरिंज दिल्याशिवाय बाटली देऊ नये. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तसं कळवावं. याला वेगळा निधी लागत नाही.

आणि आयांनो, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा झटके येत असतील, तर घरी औषध पाजत बसू नका. कशेळे, चौक, कर्जत, जे जवळ असेल ते सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ची गाडी मोफत आहे.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. कर्जत