बारशाचे नाव आणि आजीचा हक्क

घराण्यातील वडील माणसाचे नाव नव्या बालकास देणे ही आपल्याकडील जुनी व प्रेमळ चाल आहे. तिच्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते तिच्या अर्धवटपणाविषयी. आमच्या शिवाजी पेठेत मुलगा झाला, म्हणजे कैलासवासी आजोबांचे नाव पुष्कळ घरी आधीच ठरलेले असते. मुलगी झाली, म्हणजे आजीची आठवण क्वचितच कोणास होते. हा पंक्तिप्रपंच आता पुरे झाला.

ज्यांच्या पेठेलाच शिवछत्रपतींचे नाव आहे, त्यांस नावाचे मोल निराळे सांगावयास नको. महाराजांच्या वडील बंधूंचे संभाजी हे नाव १६५७ साली जन्मलेल्या त्यांच्या पुत्रास लाभले. पुढे शाहू म्हणून प्रसिद्धीस आलेल्या नातवाचे पाळण्यातील नाव शिवाजीच. राजाराम व ताराबाई यांच्या पुत्राचेही शिवाजीच. करवीरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम ही नावे फिरून फिरून आली. परंतु याच करवीरात दुसराही दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांस बाळपणीच मातृवियोग झाला. त्या मातेचे नाव राधाबाई. आणि १८९४ साली महाराजांस कन्या झाली, तिचेही नाव राधाबाई. आक्कासाहेब म्हणून ज्या पुढे ओळखल्या गेल्या, त्या ह्याच. राजवाड्यात जे शोभले, ते पेठेतील वाड्यात का शोभू नये?

आजीचे नाव द्यावयाचे म्हटले, तर कोणते, हा खरा प्रश्न आहे. आजोबांस जन्मभर एकच नाव. आजीचे नाव मात्र लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललेले. रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशीही यमुनाच. आनंदीबाई कर्वे या गोदावरी. अशा थोर स्त्रियांची पहिली नावे चरित्रांतून तरी सापडतात. आपल्या आजीचे माहेरचे नाव कोठे सापडणार? तिला ते कोणी विचारले आहे काय?

कोणी म्हणतील, आजींची नावे जुनाट. शाळेत मुली हसतील. आजोबांच्या नावास ही अडचण कधी आली नाही. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही, म्हणून नातवास आबा किंवा अण्णा म्हणून हाक मारण्याची युक्ती आपण काढलीच होती. कागदोपत्री आजीचे नाव व हाकेस आवडीचे, असे मुलीच्या बाबतीत करण्यास कोणाची हरकत आहे? व्यापारी बंधूंस तर आम्ही इतकेच विचारतो, की दुकानाच्या पाटीवरील आजोबांचे जुने नाव गिऱ्हाइकास विश्वासाचे वाटते, तर आजीचे नाव घरातच जुने कसे झाले?

अपवाद एकच. जे नाव मुळात अपमान म्हणून ठेवले गेले, ते पुढे चालवू नये. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींस समारंभाने नवी नावे देण्यात आली. तशी एखादी आजी घरात असेल, तर तिचा मान नव्या नावानेच करावा.

सरकारने आपल्याकडून एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम झाला. जन्माच्या नोंदीत बालकाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तेव्हा विचारास सवड पुष्कळ आहे. कायद्याने आईस कागदावर आणले. आजीस आणणे हे घराचे काम आहे. पुढील बारशास आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगावयास वाकतील, त्यापूर्वी घरच्या कर्त्या मंडळींनी आजीजवळ बसून तिचे पहिले नाव विचारावे, आणि ती हयात नसेल तर तिच्या माहेरी जाऊन विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.