काठावरचे फिन्सबरी

लंडनच्या फिन्सबरी भागाला स्वतःचे खासदार मिळाले ते 1832च्या सुधारणा कायद्याने. त्याआधी जवळजवळ निर्जन झालेल्या ओल्ड सेरमसारख्या गावांतून दोन-दोन खासदार वेस्टमिन्स्टरला जात, आणि वाढत्या लंडनची नवी वस्ती मात्र मिडलसेक्स परगण्याच्या मतदारांत विरून गेलेली असे. नव्या कायद्याने राजधानीभोवती जे मतदारसंघ आखले त्यांत फिन्सबरी हा एक. क्लार्कनवेल, सेंट ल्यूक्स, होबर्न आणि उत्तरेकडचे इझलिंग्टन असा त्याचा मोठा पसारा होता. खासदार दोन, आणि मताचा हक्क वर्षाला 10 पौंड भाडेमूल्याचे घर ताब्यात असलेल्या पुरुषांना.

दादाभाई नौरोजींमुळे हे नाव आपल्याकडे माहीत झाले. पण मुंबईचा फिन्सबरीशी संबंध त्याच्या पहिल्याच निवडणुकीपासून आहे. 1832मध्ये येथून निवडून आलेल्या दोघांपैकी एक रॉबर्ट ग्रँट. ज्यूंवरचे राजकीय निर्बंध उठवावेत म्हणून संसदेत विधेयक मांडणारे हे उदारमतवादी गृहस्थ 1834मध्ये मुंबईचे गव्हर्नर नेमले गेले आणि 1838मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावे त्यांचीच. त्यांच्या कारकिर्दीत दादाभाई मुंबईत शाळेत शिकत होते. पुढे पन्नासहून अधिक वर्षांनी याच भागाचे खासदार होणारा मुलगा आपल्या इलाख्यात शिकतो आहे, याची गव्हर्नरसाहेबांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

ग्रँट यांच्या रिकाम्या जागेसाठी झालेल्या पोटनिवडणुकीत टॉमस डनकम निवडून आले, आणि पुढच्या वर्षी, 1835मध्ये, त्यांच्या जोडीला टॉमस वॅकली. या जोडीने फिन्सबरीला जहाल मतदारसंघ म्हणून नाव मिळवून दिले. वॅकली हे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक. डॉक्टरांच्या वशिलेबाजीवर त्यांनी जितके आसूड ओढले तितकेच शेतमजुरांना संघटना केली म्हणून हद्दपार करणाऱ्या सरकारवर ओढले. डनकम राहणीने शौकीन, कपड्यांच्या बाबतीत चोखंदळ, कर्जात बुडालेले. पण कामगारांचे म्हणणे सभागृहात निर्भयपणे मांडत. सर्व पुरुषांना मताधिकार मागणारा चार्टिस्टांचा 33 लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज 1842मध्ये त्यांनीच संसदेत आणला. अर्जाची गुंडाळी एवढी अवाढव्य की ती दारातून आत जाईना. सभागृहाने अर्जदारांचे म्हणणे ऐकून घ्यायलाही 287 विरुद्ध 49 मतांनी नकार दिला. असल्या हरलेल्या लढायांसाठी फिन्सबरीने डनकम यांना 1861मध्ये मृत्यू येईपर्यंत खासदार ठेवले, ही गोष्ट पुढचे समजून घेताना विसरता कामा नये.

1885मध्ये जुने फिन्सबरी मोडले. इझलिंग्टन वेगळे झाले आणि उरलेल्या भागाचे होबर्न, मध्य फिन्सबरी आणि पूर्व फिन्सबरी असे एकेका खासदाराचे तुकडे झाले. मध्य फिन्सबरीचा गाभा म्हणजे क्लार्कनवेल: घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार, छोटे दुकानदार आणि राजकीय गप्पांचे क्लब यांची दाट वस्ती. घरोघरी भाडेकरू आणि पोटभाडेकरू. येथे निवडणूक खरी लढली जायची ती मतदारयादीवर. मतासाठी बारा महिने सलग वास्तव्य लागे. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला दरवर्षी नव्याने हक्क सांगावा लागे, आणि विरोधी पक्षाचा माणूस त्यावर हरकत घेऊ शके. कामाच्या शोधात घर बदलले की मत धोक्यात. देशभरात साधारण साठ टक्के प्रौढ पुरुषांनाच मत होते. स्त्रियांना अजिबात नव्हते. त्यामुळे पक्षाच्या पगारी कारकुनाने किती नावे नोंदवली आणि किती कापली, याला भाषणांइतकीच किंमत होती.

पहिल्या निवडणुकीत, 1885मध्ये, लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली जिंकले. आयर्लंडच्या स्वराज्यावरून ग्लॅडस्टन यांचा हा पक्ष फुटला आणि 1886मध्ये काँझर्व्हेटिव्ह कॅप्टन पेंटन यांनी ही जागा बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी हिसकावली. त्याच वर्षी शेजारच्या होबर्नमध्ये दादाभाई उभे होते. त्यांना 1,950 मते पडली आणि काँझर्व्हेटिव्ह कर्नल डंकन मोठ्या फरकाने निवडून आले. दादाभाईंनी तेवढ्यावर गाशा गुंडाळला नाही. 1888मध्ये मध्य फिन्सबरीच्या लिबरल कार्यकर्त्यांनी त्यांना उमेदवार निवडले, पण प्रतिस्पर्धी रिचर्ड ईव्ह यांचा गट तो निर्णय मानायला तयार नव्हता. मधली काही वर्षे दादाभाईंचा मोठा वेळ विरोधकांपेक्षा स्वपक्षीयांशी झगडण्यात गेला.

त्यांच्या मदतीला आले ते खुद्द काँझर्व्हेटिव्ह पंतप्रधान. 1888च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सभेत लॉर्ड सॉल्सबरी यांनी होबर्नच्या निकालाचा उल्लेख करताना दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हटले आणि इंग्रज मतदार अशाला निवडून देण्याइतके अजून पुढे गेलेले नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, लिबरल पुढाऱ्यांनी दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली, आणि कालपर्यंत ज्यांना त्यांचे नाव उच्चारता येत नव्हते त्यांनाही ते पाठ झाले. एवढी प्रसिद्धी लिबरल पक्षाला पैसे मोजूनही मिळाली नसती.

जुलै 1892मध्ये निकाल लागला. दोन्ही बाजूंची मिळून सहा हजारांहून कमी मते, आणि त्यांत दादाभाई पुढे केवळ 3 मतांनी. फेरमोजणीनंतरचा 5 हा आकडाही अनेक पुस्तकांत दिलेला असतो. पेंटन यांनी निकालाविरुद्ध याचिका दाखल केली, पण ती अखेर मागे घेतली. ही कथा आपल्याकडे बहुधा चमत्कार म्हणून सांगितली जाते, तर इंग्रज लेखक ती ब्रिटिश उदारतेचा दाखला म्हणून सांगतात. मतदारसंघाचा इतिहास पाहिला की दोन्ही बाजूंचा उत्साह थोडा आवरावा लागतो. ही जागा आधीपासूनच काठावरची होती, 1892मध्ये देशभर वारे लिबरल पक्षाकडे झुकले होते, आणि आयरिश स्वराज्य, आठ तासांचा कामाचा दिवस, स्त्रियांना मत हे दादाभाईंचे मुद्दे डनकम-वॅकलींच्या भागाला नवे नव्हते. खरे तर लिबरल वारे असूनही फरक इतका कमी राहिला, त्यात त्यांच्या रंगाची किंमत वसूल झाली असावी. मात्र चार वर्षे गल्लोगल्ली फिरून यादीत नावे घालून घेणारा उमेदवार नसता तर त्या तीन मतांचे पारडे उलटे झुकायला वेळ लागला नसता. श्रेय द्यायचे तर या चिकाटीला द्यावे.

संसदेत दादाभाईंनी पारशी धर्मग्रंथ अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्याव्यात हा ठराव 1893मध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. त्याच वर्षाअखेरीस लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मायदेशी आले तेव्हा मुंबईत त्यांचे प्रचंड स्वागत झाले. स्वागत करणाऱ्या त्या गर्दीत फिन्सबरीचा मतदार अर्थातच कोणी नव्हता. 1895मध्ये लिबरल पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, त्यात मध्य फिन्सबरीही गेले. जिंकले विल्यम मॅसी-मेनवेअरिंग, चित्रे आणि कलावस्तूंचे संग्राहक. जवळच्या बेथनल ग्रीनमधून त्याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी हे मुंबईचेच दुसरे पारशी गृहस्थ काँझर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आले. सॉल्सबरींच्या पक्षाने सात वर्षांत घेतलेला हा पाठ ध्यानात घेण्याजोगा आहे.

1906च्या लिबरल लाटेत नावा बांधणाऱ्या कामगारांच्या संघटनेतले विल्यम स्टेडमन येथे निवडून आले. जानेवारी 1910मध्ये काँझर्व्हेटिव्ह मार्टिन आर्चर-शी यांनी ही जागा घेतली आणि डिसेंबरात राखली. पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा खोटा आळ आलेला नौदल शाळेतला जॉर्ज आर्चर-शी हा त्यांचा सावत्र भाऊ. त्याची गोष्ट टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘द विन्स्लो बॉय’ या नाटकामुळे मतदारसंघापेक्षा जास्त टिकली.

1918मध्ये मध्य फिन्सबरी संपले. मध्य आणि पूर्व भाग एकत्र करून फिन्सबरी नावाची एकच जागा झाली आणि आर्चर-शी तिचे पहिले खासदार. 1923मध्ये मजूर पक्षाचे जॉर्ज गिलेट जिंकले. पक्षाच्या 1931च्या फाटाफुटीत ते पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्यामागे गेले आणि 1935मध्ये मजूर पक्षाच्या जॉर्ज वूड्स यांच्याकडून हरले. या काळात खरी चमक दाखवली ती खासदारांनी नव्हे तर नगरपालिकेने. मजूर पक्षाचे पंजाबी डॉक्टर चुनीलाल कटियाल 1938मध्ये फिन्सबरीचे महापौर झाले. ब्रिटनमधले ते पहिले दक्षिण आशियाई महापौर. वास्तुरचनाकार लुबेटकिन यांच्याकडून बांधून घेतलेले तिथले आरोग्य केंद्र त्याच वर्षी उघडले आणि आजही उभे आहे.

1945मध्ये निवडून आलेले जॉन प्लॅट्स-मिल्स यांना कम्युनिस्टांशी सलगीवरून 1948मध्ये मजूर पक्षाने काढून टाकले. त्यांच्याबरोबर स्वतंत्र फिन्सबरीही गेले. लोकवस्ती ओसरत चालल्याने 1950मध्ये ते शोरडिचला जोडण्यात आले आणि 1974पासून ‘इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’ या मतदारसंघात त्याचे नाव उरले. ही जागा 1983मध्ये मजूर पक्षाच्या क्रिस स्मिथ यांनी 363 मतांनी जिंकली, आणि 2005मध्ये एमिली थॉर्नबेरी यांनी 484 मतांनी.