सोंगाड्याचा सल्ला

पॉडकास्टवर दोन विनोदवीर बसतात. कोणीतरी विचारतो, ‘बायको रोज माझा फोन तपासते, काय करू?’ उत्तराआधीच हशा पिकतो. यावर जाणत्यांचे तीन आक्षेप असतात : नाती हा थट्टेचा विषय नव्हे, या मंडळींना सल्ला देण्याचे शिक्षण नाही, आणि मोकळीक दिली की ती घसरतातच. तिसऱ्यासाठी दाखला तयार असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात पॉडकास्टर रणवीर अलाहाबादियाने एका स्पर्धकाला त्याच्या आईवडिलांच्या शय्येवरून प्रश्न केला आणि तक्रारी मुंबई-गुवाहाटीहून जयपूरपर्यंत पोचल्या.

पण जयपूरचेच उदाहरण पहिल्या आक्षेपाला पुरून उरते. तिथल्या ब्रह्मपुरीत होळीच्या सुमारास उघड्या आखाड्यात तमाशा रंगतो. हीर-रांझा, जोगी-जोगन असे प्रेमाचेच खेळ. भट्ट घराण्याने जपलेली ही कला सवाई प्रतापसिंहाच्या काळात महाराष्ट्रातून तिकडे गेली, असे मानले जाते. म्हणजे तुंग्याच्या रणात १७८७ मध्ये महादजी शिंद्यांशी लढणाऱ्या राजाच्या नगरीत मराठी मुळाचा खेळ रुजला. इकडे एकनाथांच्या भारुडातली सून तर भवानीकडे सासरच्यांपासून सुटकेचा नवस बोलते. अर्थ अध्यात्माचा, पण हसू घराघरातले. नात्यांची थट्टा कालची नव्हे.

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. मोडत्या संसारासाठी समुपदेशक हवाच. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात त्याची तरतूद आहे. पण फोनवरून कुरबुरणारा नवरा तिथवर जात नाही. आपले भांडण जगावेगळे नाही, एवढेच त्याला कळायला हवे असते. चारचौघांत हसताना ते कळते. विनोदवीर शहाणा म्हणून नव्हे, स्वतःची फजिती आधी सांगतो म्हणून ऐकला जातो.

राहिली घसरण. ‘लेटंट’मधला तो प्रश्न सल्ला नव्हताच, समोरच्याला कोंडीत पकडून काढलेले हसू होते. तरी त्यावरून सगळ्यांना एकच मोजपट्टी लागू पाहते. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादियाला पॉडकास्ट पुन्हा सुरू करू दिला, तो कोणत्याही वयाच्या प्रेक्षकाला पाहता येईल अशा हमीवर. नवराबायकोच्या गोष्टी आठ वर्षांच्या मुलापुढे बोलता येतील तेवढ्याच बोलायच्या, तर बोलण्यासारखे उरते काय?

मोजपट्टी दुसरी हवी : हशाची किंमत कोण मोजतो? ऑगस्ट २०२५ मध्ये दिव्यांगांवरच्या विनोदांबद्दल न्यायालयाने ‘लेटंट’च्याच समय रैनासह काही विनोदवीरांना माफी मागायला सांगितली, तिथे बोट नेमके दुखऱ्या जागी होते.

याच पट्टीने सल्ल्याचे पॉडकास्ट मोजले, तर त्यांचा खरा दोष अश्लीलता नव्हे, एकतर्फीपणा आहे. प्रश्न नवऱ्याचा, हसणारे पुरुष, आणि हशा गैरहजर बायकोवर. भारुडातली सून निदान स्वतः बोलते. म्हणून मागणी बंदीची नको. त्या बायकोलाही माइकपुढे बसवा. आणि प्रश्नात मारहाणीचा वास आला, तर विनोद तिथेच थांबवून १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सांगा.