सदतीस हंडे

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी माझ्याच डोंगरात पाहुणी म्हणून गेले. अंगात पिवळा टी-शर्ट, त्याच्या पाठीवर पाण्याच्या थेंबाचं चित्र, डोक्यावर तसलीच टोपी. आमच्या पुण्यातल्या कंपनीनं गावांच्या पाण्यासाठी तीन दिवसांचा ट्रेक काढला होता. पहिल्या दिवशी बारीहून कळसूबाई, दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेनं रतनवाडीच्या अंगाला, तिसऱ्या दिवशी साम्रदची सांदण दरी. प्रत्येकानं ओळखीपाळखीत पैसे गोळा करायचे, तेवढीच भर कंपनी घालणार, आणि त्यातून गावाला पाण्याची टाकी. नाव नोंदवताना मी कुणाला सांगितलं नाही, की दुसऱ्या मुक्कामाचं गाव माझ्या आत्याचं आहे.

आधी पाण्याचं सांगते, कारण शहरातल्या माणसाला ते खरं वाटत नाही. आमच्या पट्ट्यात घाटघर-रतनवाडीला एकेका पावसाळ्यात ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पुण्याच्या सहा-सात पट. जून ते सप्टेंबर चूल पेटवायला सुकं लाकूड मिळत नाही. आणि होळी झाली की त्याच गावात हंडे वाजायला लागतात. काळा कातळ, उभा उतार, वर वीतभर माती. पडलेलं पाणी थांबत नाही, धावत खाली जातं. खाली धरण आहे. इंग्रजांनी बांधायला घेतलं, १९२६ साली पुरं झालं. ११ टीएमसी पाणी मावतं त्यात. ते प्रवरेतून, कालव्यांतून खालच्या तालुक्यांच्या उसाला जातं. वरच्या गावांत ओसरीवर बसलं तर निळंशार पाणी दिसतं आणि प्यायला मात्र अर्धा तास चालून झिऱ्यावर जावं लागतं.

मी हे पाणी भरलंय. आश्रमशाळेला सुट्टी लागून घरी आलं की आई हातात पहिला हंडाच द्यायची. झिऱ्यावर नंबर असायचा. वाटीनं पाणी उपसायचं, फडक्यातून गाळायचं, हंडा भरायला पाऊण तास. रात्री कंदील घेऊन बायका बसलेल्या असायच्या. तिथंच लग्नं जमायची, भांडणंही तिथंच व्हायची. ज्यांना या आठवणी रम्य वाटतात त्यांनी मानेवरून पंधरा लिटर पाणी चढावर आणून बघावं. मला त्यात काही रम्य आठवत नाही. आईच्या मानेचा मणका पन्नाशीतच गेला.

तर आम्ही चाळीस जण दुपारी चारच्या सुमाराला गावात शिरलो. शाळेची पोरं लेझीम घेऊन उभी, बायका ओवाळणीचं ताट घेऊन. वेशीजवळ टाकी होती. नवी नाही, आदल्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा मंडळींनी अशाच चालण्यातून बांधलेली. दर्शनी बाजूला काळ्या फरशीवर देणाऱ्यांची नावं. आमच्यातल्या एकानं नळ सोडून पाहिला. नळ कोरडा. टाकीच्या आडोशाला कुणीतरी शेणी रचून ठेवल्या होत्या.

ओवाळणाऱ्या बायकांत आत्या नव्हती. ती मला दिसली पाऊण तासानं, डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चढ चढताना. तिच्या मागं सून, सुनेमागं आणखी सहा-सात जणी. ते पाणी आमच्यासाठी होतं. चाळीस माणसांना प्यायला, स्वयंपाकाला, ताटं धुवायला, सकाळी तोंड धुवायला आणि ज्यांना आंघोळीवाचून चैन पडत नाही त्यांना आंघोळीला. मी शाळेच्या पायरीवर बसून मोजायला लागले. हिशेबखात्यात बारा वर्षं काढलीत, दुसरं काही येत नाही. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून निघेपर्यंत मिळून सदतीस हंडे आले. म्हणजे साडेपाचशे लिटर. माणशी दिवसाला ५५ लिटर हा सरकारचा निकष आहे. त्या मानानं चाळीस माणसांना ते थोडंच झालं. पण त्या दोन दिवसांत गावातल्या घरटी किती आलं, ते मी मोजलं नाही. मोजायला घरटी काही आलंच नव्हतं.

एक पोरगा त्या पाण्यानं बूट धूत होता. वाईट नव्हता तो. गावाकडं कधी गेलेला नव्हता एवढंच. मी त्याला काही बोलले नाही.

रात्री टोपी काढून आत्याच्या घरी गेले. कंदिलाच्या उजेडात तिनं आधी टी-शर्ट पाहिला, मग तोंड.

"कोणाची गं तू?... आगं, तू तर माह्या भावाची! ह्यांच्यात काय करतीस?"

मी म्हटलं, आत्या, तुमच्या पाण्यासाठीच चालतोय आम्ही. ती हसली. मग सून हसली. नागलीची भाकर आणि हुलग्याचं पिठलं पुढ्यात ठेवून आत्या टाकीची कथा सांगायला लागली. टाकीला ज्या झिऱ्याचं पाणी लावलंय तो शिवरात्रीला आटतो. वरच्या कड्याखाली दुसरा झिरा आहे, तो मे महिन्यातही थेंब थेंब का होईना चालू असतो. गावातल्या कुठल्याही सासुरवाशिणीला हे ठाऊक आहे. पण वर सिमेंट न्यायला वाट नाही, आणि गाडी उभी करून फोटो काढायला वेशीजवळची जागा बरी.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"इचारलं कोणी?"

माझं भांडण इथं आहे. पेसा कायदा १९९६ साली झाला. अकोले तालुक्यातली आमची डोंगरातली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. विकासाची योजना राबवण्याआधी पंचायतीलासुद्धा ग्रामसभेची मंजुरी घ्यावी लागते. जे बंधन निवडून दिलेल्या पंचायतीवर आहे, ते पुण्याहून चालत आलेल्या चाळीस जणांनी का पाळू नये? देणगी आहे म्हणून? सरपंचाशी फोनवर बोलणं झालं म्हणजे गावाला विचारलं असं होत नाही. त्यातून आमच्या गावांतले पुढारीही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. टाकी कुठं बांधायची यापेक्षा उद्घाटनाला खुर्च्या किती मांडायच्या, यात त्यांचा जीव अडकलेला.

तुम्ही म्हणाल, काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलं हे बरं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. चुकीच्या झिऱ्यावरची टाकी म्हणजे 'काहीतरी' नव्हे. ती टाकी उभी आहे म्हणून पुढं कुणी पाण्याचं मागायला गेलं तर ऐकावं लागतं, की तुमच्या गावाला टाकी दिलीय की. आत्याच्या सुनेला हे तालुक्याच्या गावी असंच ऐकावं लागलं. कागदावर गावाला पाणी मिळालेलं आहे.

आणि दान कशाला म्हणायचं तेही एकदा ठरवू या. डोंगर पाऊस झेलतो, खोरं पाणी साठवतं, ऊस खाली पिकतो, आणि दिवाळीनंतर आमची माणसं पोरंबाळं घेऊन नारायणगावच्या मजूरबाजारात उभी राहतात, टोमॅटो तोडायला नाहीतर कांदे लावायला. बाळहिरडा आम्ही वेचतो, भाव दुसराच ठरवतो. काजव्यांच्या दिवसांत शहरातल्या गाड्यांनी रस्ता भरून जातो आणि मागं उरतो तो प्लॅस्टिकचा ढीग. इतकं घेऊन झाल्यावर एक टाकी परत येते. त्याला परतफेडीचा पहिला हप्ता म्हणा. थेंबाचं चित्र काढून त्याला दान म्हणू नका.

पुण्याला परतल्यावर त्या ट्रेकची बिलं माझ्याच टेबलावर आली. टाकीचा खर्च एका खात्यात. २०१३च्या कंपनी कायद्यापासून नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावावे लागतात आणि मार्चअखेर जवळ आली की सगळ्यांना गावं आठवतात, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. ट्रेकचा खर्च दुसऱ्या खात्यात, कर्मचाऱ्यांचा म्हणून. बस, टी-शर्ट, तंबू, ड्रोनवाला, शेवटच्या रात्रीचं हॉटेल. स्वयंपाकाचे पैसे दिले होते, खोटं कशाला बोलू. पाण्यापुढं एकच नोंद होती: बाटल्यांचे बारा खोके. सदतीस हंड्यांची नोंद कुठंच नव्हती. आणि टाकीच्या अंदाजपत्रकात मोटारीचं वीजबिल, वॉशर, पाइपाची डागडुजी, टाकी धुणाऱ्याची मजुरी, यांतलं काहीही नव्हतं. बांधायला सगळे तयार असतात, पण वॉशरवर कुणाचं नाव कोरता येत नाही. तो बूट धुणारा पोरगा मात्र परतीच्या बसमध्ये मला विचारत होता, मोटार बिघडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार. चाळिसांत तो एकटाच.

मी ती बिलं मंजूर केली. सही करायची म्हणून केली. सदतीस हंडे कुठल्या रकान्यात लिहायचे, हे मला बारा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नाही. ट्रेकमध्येही मी गप्पच होते. मी इथलीच, असं म्हटलं असतं तर रात्री शेकोटीपाशी त्यांनी मला उभं करून गोष्ट सांगायला लावली असती आणि टाळ्या वाजवल्या असत्या. त्या टाळ्यांची मला भीती वाटली. त्याहून जास्त भीती वाटली ती, त्या टाळ्या मला आवडतील याची.

चालायला या, डोंगर कुणाच्या बापाचा नाही. पण या ते पाहुणे म्हणून, राहण्या-जेवण्याचे, वाटाड्याचे आणि पाण्याचेही पैसे मोजून. त्याला मदत म्हणायची गरज नाही, तो व्यवहार आहे आणि व्यवहारात आमची मान ताठ राहते. आणि खरंच पाण्याचं काम करायचं असेल तर आधी ग्रामसभेत मागं बसून ऐका. पुढच्या रांगेत पुरुष असतील. ज्यांना झिरे ठाऊक आहेत त्या दाराशी उभ्या असतील, त्यांना आत बोलवा. पैसे द्यायचेच तर टाकीइतकेच तिच्या दुरुस्तीलाही ठेवा, आणि दोन वर्षांनी मे महिन्यात, कुणाला न सांगता, येऊन नळ सोडून बघा.

या वर्षीच्या ट्रेकसाठी परवा आमच्या कंपनीतल्या संयोजकांचा फोन आला. मी त्याच भागातली, हे आता त्यांना कळलंय. उद्घाटनाला दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, बोलते, पण १ मेला ग्रामसभा असते, आधी तिला आपण सगळे जाऊ. आत्याच्या सुनेला सांगून ठेवते, ती वरचा झिरा दाखवील.

पलीकडं जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "मेमध्ये तिकडं ऊन फार असतं ना?"

असतं, म्हटलं.